फ्रेमच्या पाठीवरचं हळदकुंकू

छाया,

तू कुडाळला जाऊन बसलीस, आणि फोनवर तुझं निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं. उरलेल्या निम्म्यात तू मला बोलू देत नाहीस. म्हणून लिहिते आहे.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला ‘आखातातली माणसं’ असं काहीतरी हवं आहे. अंकाचा संपादक रुपेश मला म्हणाला, “काकू, एखाद्या अचीव्हरवर लिहा ना.” मी म्हटलं, अचीव्हरवर तू लिही, त्यांचे फोटो तुझ्याकडे आधीच आहेत. मी छाया मेस्त्रीवर लिहिते. तो म्हणाला, “कोण छाया मेस्त्री?” म्हणजे बघ. इतकी वर्षं ज्याच्या गणपतीचं मखर तुमच्या कारखान्यातून फुकट आलं, तो विचारतो, कोण छाया मेस्त्री.

तू रागावशील. रागाव. पण आता थोडा वेळ गप्प बस, कारण वाचणाऱ्यांना तू माहीत नाहीस आणि मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

तर छाया सूर्यकांत मेस्त्री. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्याच्या आणि बर्फाच्या फॅक्टरीच्या मधे, मेस्त्री नवरा-बायकोचा सुतारकामाचा कारखाना होता. दारं, कपाटं, दुकानांची काउंटरं, जे येईल ते. सूर्यकांत सावंतवाडीकडचा, लाकडाच्या कामात मुरलेल्या घरातला. बोलणं कमी. बोलायचं खातं छायाकडे होतं. ती ऑफिसात बसायची, म्हणजे भुशाने भरलेल्या एका पत्र्याच्या खोलीत, आणि तिथून अर्ध्या एमिरेटला ऐकू जाईल अशा आवाजात गिऱ्हाइकांशी भांडायची. तिचं हिंदी ती कारखान्यातल्या पठाण उस्तादाकडून शिकली होती, त्यामुळे ती स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची. “हम बोला था बुधवार, तो बुधवार देगा. खलास.”

आणि ती पिकअप चालवायची. लहान नाजूक गाडी नाही, लाकडाच्या फळ्या वाहून नेणारी पांढरी पिकअप, दारावर कारखान्याचं नाव. लायसन्सच्या परीक्षेत ती इतक्यांदा नापास झाली, की शेवटी परीक्षा घेणाऱ्यानेच तिला विचारलं, मॅडम, घरी कुणी ड्रायव्हर नाही का? ती म्हणाली, “है ना. हम है.”

माझी तिची गाठ पडली ती दुबईत, आमच्या अल बर्शात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. हळदीकुंकू होतं माझ्या सुनेच्या मैत्रिणीकडे, पर्णिकाकडे. मी त्यांच्या किचनमध्ये बसले होते. कुणी बसवलं म्हणून नाही. हॉलमध्ये वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांवरून जो कालवा चालतो तो मला सोसत नाही म्हणून. इतक्यात बाहेरचा आवाज एकदम खाली गेला. मग पर्णिकाचा गोड आवाज आला, “काकू, तुम्ही आत बसता का? आत एसी छान आहे.” आणि आत आली ती ही बाई. अंगाने दणकट, साडीवर पुरुषी घड्याळ, कपाळ मोकळं.

मला बघून म्हणाली, “तुम्हालाही एसीत बसवलं काय?”

सूर्यकांतला जाऊन तेव्हा चारपाच महिनेच झाले होते. पर्णिकाने आमंत्रण ग्रुपवर टाकलं होतं. “मेसेज सगळ्यांना केलाय म्हणजे मलाही केलाय असं मला वाटलं,” छाया म्हणाली. “मला काय माहीत, ग्रुपमधून काढायला विसरलेत.” आणि अशी खळखळून हसली, की बाहेरच्या बायका गप्प झाल्या.

मी विधवा आहे त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि या विषयावर माझं डोकं फार लवकर फिरतं. मी म्हटलं, आपण दोघी काय गोवर-कांजिण्या आहोत का? चल बाहेर. तर तिने मला हाताला धरून खाली बसवलं. “राहू द्या हो ताई. मला कुंकवाचं काय अप्रूप नाही. मी रोजच लावते.”

“कुणाला?”

“कपाटांना.”

मला वाटलं दुःखाने बाईचं डोकं फिरलं आहे. मग तिने पर्समधून पितळेचा करंडा काढून दाखवला, दोन कप्प्यांचा, एकात हळद, एकात कुंकू, दोन्हींत थोडा थोडा भुसा.

त्यांच्या कारखान्याची ती रीत होती. आपण नवीन गाडीला, फ्रिजला, मिक्सरला हळदकुंकू लावतो ते घरात आणल्यावर. मेस्त्री लावायचे ते वस्तू घराबाहेर पडताना. कारखान्यातून जी जी वस्तू पूर्ण होऊन निघेल, तिच्या पाठीला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, छाया हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट टेकवायची. मशिदीचं कपाट असो, दारूच्या दुकानाचं काउंटर असो. लग्न होऊन आली तेव्हा सासूने सांगितलं होतं, लेक सासरी पाठवताना लावतो तसं. छायाने पुढे ते कधी मोडलं नाही. सूर्यकांत गेल्यावर तिने स्वतःच्या कपाळाचं कुंकू पुसलं, कारण लोक बघतात. लाकडाचं चालू ठेवलं, कारण उस्तादाने चालू ठेवलं. तेराव्यानंतर ती कारखान्यात गेली तर उस्ताद दोन दारं भिंतीला टेकवून उभा. “भाभी, गाडी खडा है. इनका टीका बाकी है.”

हे सगळं तिने मला कुणाच्या तरी किचनमधल्या ओट्यापाशी, तिळाची वडी मोडत मोडत सांगितलं. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण. माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, शिक्षण माझ्याहून कमी, आणि माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. पण करणार काय.

आता म्युझियमचं.

त्याचं नाव मी लिहीत नाही. आज ते मोठं प्रस्थ आहे, शाळांच्या सहली जातात, परदेशी लोक रांगा लावतात. पण ती सगळी चित्रं, नकाशे, जुन्या बंदरांचे देखावे एका माणसाच्या घरात होते. तो जुन्या मोत्याच्या व्यापाऱ्याच्या घरातला अरब होता. मेस्त्री त्याला ‘अरबाब’ म्हणायचे. तिकडे मालकाला तसंच म्हणतात. अरबाबला चित्रांचं वेड होतं. जिथे जाईल तिथून चित्र आणायचा, आणि फ्रेम मात्र सूर्यकांतकडून करून घ्यायचा. दुबईत फ्रेमवाले काही कमी नव्हते. पण अरबाब म्हणायचा, ते लोक फ्रेम विकतात, हा माणूस आधी चित्र बघत बसतो.

एकदा अरबाब स्वतः कारखान्यात आला आणि त्याने छायाला पाठीमागे कुंकू लावताना पकडलं. जुन्या अरबांना हिंदी छान येतं. “ये क्या है?”

सूर्यकांतच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या आधी छाया बोलली. “अरबाब, बेटी है. विदा करता है.”

अरबाबने त्या फ्रेमकडे बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या बाकीच्यांकडे. म्हणाला, “तो मेरे घर में तुम्हारी कितनी बेटियाँ हैं?” आणि त्यानंतर नवीन फ्रेम घरी पोचली की तो ती उलटी करून आधी टिका बघायचा म्हणे. हे छायाचं म्हणणं. खरं-खोटं अरबाबला ठाऊक, आणि तो आता नाही.

अरबाबच्या घरी भिंती पुरेनात. त्याच्यामागे मुलांनी आणि सरकारने मिळून भलीमोठी इमारत उभी केली आणि संग्रह तिकडे हलवला. उद्घाटनाच्या बातम्या सगळ्या वर्तमानपत्रांत आल्या. छाया नवऱ्याला म्हणाली, जाऊया. सूर्यकांत म्हणाला, “आमंत्रण इलां की जावया.” आमंत्रण कोण पाठवणार? ज्याने पाठवलं असतं तो मातीत. पण सूर्यकांत तसाच होता. अरबाबच्या घरी आयुष्यभर मागच्या दाराने मापाची टेप घेऊन गेला; पुढच्या दाराने जायचं तर कुणीतरी बोलवायला हवं, ही त्याची अट. वाट बघत बघत तो एका दुपारी कारखान्यातच, रंधा हातात असताना गेला.

छायाने दोन वर्षं कारखाना एकटीने ओढला. मग गुडघे बोलायला लागले, उस्ताद पेशावरला परत गेला, आणि कॅनडातल्या अथर्वने, म्हणजे तिच्या मुलाने, रोज व्हिडिओ कॉलवर सुरू केलं, “आई, इट्स टाइम. जस्ट क्लोज इट.” कारखान्याचं लायसन्स रद्द करायचं ठरलं. लायसन्स गेलं की व्हिसा गेला. आमच्या या देशात हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि कुणी मोठ्याने म्हणत नाही: आपण इथे जन्म घालवतो, आणि जाताना आपल्यामागे इथे काही राहत नाही. घर भाड्याचं, कारखान्याची जागा भाड्याची, मशीनं एका केरळच्या माणसाने उचलली.

छायाला त्याचं फार काही वाटलं नाही. तिला एकच बघायचं होतं. सूर्यकांतच्या हातची एक तरी फ्रेम त्या म्युझियमच्या भिंतीवर अजून आहे का.

“आहे असं कळलं की मी सुखाने जाईन,” ती म्हणाली.

“आणि नसली तर?”

“तर भांडून जाईन.”

अथर्वने आधीच सांगून ठेवलं होतं, “आई, म्युझियम्स रीफ्रेम एव्हरीथिंग. डोन्ट गेट युअर होप्स अप.” मुलगा खोटं बोलत नव्हता, पण आईशी असं बोलू नये एवढं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

शेवटची ऑर्डर कारखान्यातून निघाली त्याच सकाळी छाया मला न्यायला आली. अल बर्शाच्या आमच्या टॉवरच्या वॉचमनने पिकअप बघून तिला सामानाच्या लिफ्टकडे पाठवलं, ती सामानाच्या लिफ्टनेच वर आली. माझी नात ईशानी बरोबर येणार होती, कारण तिकिटं तिच्या फोनवर होती. पिकअपमध्ये पुढे तिघींनी बसायचं हे कळल्यावर ती म्हणाली, “आजी, कॅन वी जस्ट टेक अ कॅब?” छाया म्हणाली, “बस गो पोरी. या गाडीने शेखांची कपाटं वाहिली आहेत, तुला काय होतंय.” ईशानी बसली आणि सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली. तिकिटाचा आकडा ऐकून छायाने नेहमीप्रमाणे मोठ्याने रुपये केले, “पन्नास दिरहम, म्हणजे बाराशे रुपये. चित्रं बघायला! त्यातली निम्मी आमच्या गोठ्यात पडून होती.” कारखान्याच्या मागच्या शेडला ती गोठा म्हणायची.

म्युझियमच्या गेटवरच्या माणसाने पिकअपच्या दारावरचं नाव बघितलं आणि हात केला: डिलिव्हरी मागच्या बाजूला.

छायाने काच खाली केली. मला वाटलं आता इथेच युद्ध. पण ती नुसती म्हणाली, “भाई, बीस साल पीछे से आया. आज टिकट है.” ईशानीने फोन पुढे केला. तिचे कान लाल झाले होते, पण तिने फोन असा धरला होता, की जणू पासपोर्ट.

आत गेल्यावर मी नेहमीप्रमाणे वाचायला लागले. मी भिंतीवरची माहिती वाचते आणि चित्र राहून जातं, हा माझा दोष आहे. छायाने काहीच वाचलं नाही. ती पहिल्या दालनात शिरली, चहूकडे एक नजर टाकली, आणि पुढच्या दालनात गेली. तिथून पुढच्या. मी मागून धापा टाकत.

“अगं, चित्रं तरी बघ!”

“बघितली.”

सगळीकडे नवीन फ्रेमा होत्या. बारीक, काळ्या, धातूच्या, एकसारख्या. सैनिकांसारख्या.

चौथ्या दालनात ती बोलायला लागली, आणि तिथे मला काळजी वाटली, कारण ती कामाचं बोलत नव्हती. या चित्रातला उंट बघा, आजारी आहे. हा नकाशा बघा, यात आपलं कोकणच नाही. इथला एसी किती, मेलं प्रेत ठेवायचंय का. मधेच ती चित्राच्या बाजूला जाऊन गाल भिंतीला टेकवून मागे काही दिसतंय का बघायची. तिथली सिक्युरिटीची बाई, नूरजहाँ असं तिच्या छातीवर लिहिलेलं, दोनदा येऊन म्हणाली, “आंटी, थोड़ा पीछे.”

तिसऱ्यांदा आली तेव्हा छायाने सरळ विचारलं, “बेटा, पुराना फ्रेम किधर गया?”

“सब बदल दिया आंटी. हम आने से पहले.”

“फेंक दिया?”

“वो नहीं मालूम.”

छाया बाकावर बसली. मी शेजारी बसले. मला सांत्वन जमत नाही. मी म्हटलं, चल, खाली कॉफी पिऊ. ती म्हणाली, “तुम्ही प्या. तिथेही बाराशे रुपये असतील.”

तेवढ्यात ईशानी कुठून तरी परत आली. इतका वेळ ती पुढे कुठेतरी एकटी फिरत होती. म्हणाली, “छायाआजी, देअर इज वन ब्राउन वन.”

एका कोपऱ्यातल्या लहान दालनात, जिथे गर्दी नव्हती, खाडीचं एक जलरंगातलं चित्र होतं. पाणी, दोन गलबतं, मागे पिवळट किनारा. आणि फ्रेम सागवानाची, रुंद, तेलाने काळवंडलेली. चारही कोपऱ्यांत, जिथे लाकडं जुळतात तिथे, गडद लाकडाची एकेक बारीक पाचर. सूर्यकांत तसे सांधे करायचा. छायाने त्या चारही कोपऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, “त्यांचीच आहे. किंवा उस्तादाची. किंवा शारजाच्या त्या फ्रेमवाल्याची. मेल्याने नंतर असेच सांधे करायला सुरुवात केली होती.”

“म्हणजे नक्की नाही?”

“पाठ बघितली की नक्की.”

पाठ कशी बघणार? ती उभी राहिली. मी उभी राहिले. मग जे झालं ते इतक्या पटकन झालं, की मला वाटलं ती डोळ्यात काही गेलं म्हणून पर्समधून रुमाल काढते आहे. तिने करंडा काढला. सकाळच्या ऑर्डरसाठी बरोबर होताच. हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट, फ्रेमच्या खालच्या कडेला. हात सरावाचा. तिच्या डोक्यापर्यंत तरी ते पोचलं होतं का, कोण जाणे.

आणि अलार्मचं पों पों पों सुरू झालं.

मग काय विचारता. नूरजहाँ धावत आली, तिच्यामागे आणखी दोन गणवेश, दालनाचं दार बंद. ईशानी म्हणत होती, “ओ माय गॉड, ओ माय गॉड.” मी माझ्या कॉलेजच्या इंग्रजीत सांगायला लागले, की धिस इज अ कस्टम, ए मार्क ऑफ रिस्पेक्ट, आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. छाया मधे उभी, बोटं लाल-पिवळी, आणि चेहरा असा, की जणू कुणी तिला झोपेतून उठवलं आहे. “चित्र को नहीं लगाया,” एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. “लकड़ी को लगाया. चित्र को हाथ नहीं लगाया.”

संग्रहाची देखभाल बघणारी एक बाई आली. अरफा तिचं नाव. शारजात जन्मलेली, आईवडील कराचीचे. पस्तिशीची असेल. तिने आधी चित्र बघितलं, मग फ्रेम, मग छायाची बोटं. गणवेशवाल्यांना बाहेर जायला सांगितलं आणि छायाला विचारलं, “क्यों लगाया, आंटी?”

छाया म्हणाली, “पीछे देखना है. आगे नहीं देखने देता, तो आगे लगाया.”

यात अर्थ काही नव्हता. पण अरफाने खुर्च्या मागवल्या, आम्हाला दोघींना बसवलं, पाणी दिलं. छायाने सगळं सांगितलं, अरबाबचं, लेकी सासरी पाठवण्याचं, उस्तादाचं. मी मधे मधे सुधारत होते, ती मला गप्प करत होती. अरफा ऐकता ऐकता एका मऊ कोरड्या ब्रशने फ्रेमवरचं कुंकू झटकत होती. सगळं निघालं. पाचरीच्या कडेला थोडी लाली राहिली, ती तिने बोटाने पुसून बघितली आणि सोडून दिली.

“मैं इस फ्रेम को पीछे से नहीं खोल सकती,” ती म्हणाली. “इधर आने के वक्त हर तस्वीर के पीछे नया बोर्ड लगा है, सील के साथ. चेकिंग के लिए उतरेगी तब खुलेगा. अगले साल, इन्शाल्ला.”

“बोर्ड लगाया, मतलब ढका?”

“हाँ.”

“पोंछा नहीं ना?”

अरफा म्हणाली, “आंटी, मैं तब यहाँ नहीं थी. अक्सर पीछे की चीज़ को हम छेड़ते नहीं.”

“ढका है,” छाया माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली. “काढलं नाही. झाकलंय.” जणू कोर्टाचा निकाल.

बाकीच्या फ्रेमांचं मी विचारणार होते. तिने माझ्या हातावर हात ठेवला. नको. एक पुरे.

बाहेर पडताना अरफाने मला नंबर दिला, कारण छायाचा इथला नंबर आठवड्यात बंद होणार होता. म्हणाली, उतरवतील तेव्हा कळवीन. परतीच्या वाटेवर ईशानी एकदम म्हणाली, “छायाआजी, दॅट वॉज सो इल्लीगल.” छाया म्हणाली, “काय म्हणते?” मी सांगितलं. तर ती स्टिअरिंगवर हात आपटत इतकी हसली, की शेजारच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मग उम्म अल कुवैनकडे जाणारा, तिच्या रोजच्या वाटेचा फाटा आला, तो मागे पडला, आणि ती आम्हाला सोडायला सरळ अल बर्शाकडे गेली.

चार दिवसांनी ती गेली.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, छाया. वाचणाऱ्यांना जे सांगायचं ते सांगून झालं.

विमानतळावर तू म्हणालीस, “संध्याताई, पुढच्या वर्षी ती पाठ उघडतील तेव्हा जाऊन बघा हां. तुमच्या डोळ्यांनी. त्या पोरीच्या सांगण्यावर नको.” मी हो म्हटलं. वर्ष सरलं, अरफाचा फोन आला नाही, आणि मला वाट बघत बसायची सवय नाही, म्हणून ईशानीला घेऊन मी सरळ गेले. त्या कोपऱ्यात दुसरंच चित्र होतं. बाजूच्या कार्डावर लिहिलं होतं, की खाडीचं चित्र एका प्रदर्शनासाठी जपानला गेलं आहे. अरफा रजेवर होती. नूरजहाँने मला ओळखलं. म्हणाली, “आंटी, आज कुछ लगाना नहीं.”

मी तुला त्याच संध्याकाळी फोन केला. चित्र जपानला गेलंय म्हटल्यावर तू हळू आवाजात बोललीस. तू! विचारलंस, “फ्रेमसकट?”

मी म्हटलं, असेलच.

“असेलच नको. विचारून सांगा. कधीकधी नुसतं चित्र गुंडाळून नेतात. हे तर मस्कतच्या पलीकडे कधी गेले नाहीत हो ताई. विचाराच.”

विचारते म्हटलं.

पुढच्या रविवारी तू फोन केलास तेव्हा कुडाळच्या तुझ्या पडवीत दोन बायका बसल्या होत्या, आणि फोन धरलेला असताना तू त्यांना सांगत होतीस, “ह्येंचा काम जपानाक गेलांहा. म्युझियमात.” मग माझ्याशी बोललीस ते गुडघ्याबद्दल, आणि जाळीच्या दाराला सुतार मिळत नाही त्याबद्दल. तुला सुतार मिळत नाही, हेही ऐकायचं नशिबात होतं.

अरफाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. ती रजेवरून केव्हाच परतली असेल. मी काही विचारायला भिणारी बाई नाही, ते तुला माहीत आहे. पण अजून लावलेला नाही. आणि तूही, दर रविवारी जगातलं सगळं विचारतेस, फ्रेमचं मात्र परत एकदाही विचारलेलं नाहीस.

संध्याताई